खुर्चीचा कागद

ईश्वरदासानं जोडे काढले आणि साहेबाच्या तंबूपासून आठ पावलांवर, पळसाच्या बुंध्याशी जोडीनं लावून ठेवले. आठ पावलांचा नियम कुठं लिहिलेला नव्हता. बारा वर्षांपूर्वी कुण्या साहेबाच्या चपराशानं तो त्याला सांगितला होता, आणि तेव्हापासून ईश्वरदासानं तो जितका पाळला तितकी एकादशीही पाळली नव्हती. मग त्यानं छत्री मिटून काखेत धरली, पागोटं सारखं केलं आणि बोलावणं येईपर्यंत तापल्या मातीवर एकदा हा पाय, एकदा तो पाय असा उभा राहिला.

चार गावांचा मालगुजार होता तो. प्रतापगडाच्या पायथ्यापासून तलावापर्यंतच्या धानाच्या बांध्या त्याच्या. रस्त्यानं त्याची बैलांची रेंगी दिसली की लोक आपली गाडी बाजूला घेऊन खाली उतरायचे, आणि कोणी उतरायला उशीर केला तर ईश्वरदास त्याचं नाव विसरत नसे. अशा माणसाचे तळवे आता भाजत होते, आणि ते भाजताहेत हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो हसत होता.

तंबूचा पडदा वर बांधलेला होता. आत हॅलम साहेब नाश्ता करत होता. दर चैत्रात तो नागपूरहून रेल्वेनं अर्जुनीला उतरायचा आणि चार गाड्या सामान घेऊन इकडं शिकारीला यायचा. टेबलाशी खुर्च्या दोन होत्या. एकीवर साहेब होता. दुसरीवर त्याची कुत्री बसली होती, तांबूस, लांब कानांची, आणि साहेब आपल्या ताटातला तुकडा मधूनमधून तिला देत होता.

ईश्वरदास कुत्रीकडं बघत नव्हता. तो खुर्चीकडं बघत होता.

त्याला कागद हवा होता. साहेबलोकांसमोर खुर्चीवर बसण्याची ज्याला परवानगी, त्याला सरकारातून तसा सही-शिक्क्याचा कागद मिळायचा. अशा माणसाला कुर्सीनशीन म्हणत. सगळ्या जिल्ह्यात असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला एक गोंदियाचा लाखेचा व्यापारी मुन्नालाल. त्याचा बाप एकेकाळी ईश्वरदासाच्या बापाकडं पोती उचलायचा. मुन्नालालनं तो कागद काचेत घालून बैठकीत टांगला होता, आणि गोंदियाला गेलं की चहा येईपर्यंत ईश्वरदासाला तो वाचत बसावं लागे. बारा वर्षं त्यानं साहेबांना कोंबड्या पुरवल्या, तूप पुरवलं, गाड्या पुरवल्या, माणसं पुरवली. बस, असं मात्र कोणी म्हटलं नव्हतं.

"हाँके के लिए आदमी कितने लाओगे?" श्यामलालनं आतून विचारलं. श्यामलाल साहेबाचा अर्दली, मूळचा गोंदियाचा. साहेबाला हिंदी येते असं साहेब स्वतः मानत असे. त्या हिंदीत लाओ, जाओ, हटो आणि चुप हे चार हुकूम आणि काही फुटकळ शब्द-शिव्या एवढंच होतं, आणि तेवढ्यावर त्याची या देशातली अठरा वर्षं बिनबोभाट निघाली होती. बाकीचं श्यामलाल बोलायचा.

"दो सौ, हुजूर. एका घरातून एक मानूस. शिरस्ताच आहे आमचा."

साहेब काहीतरी बोलला. श्यामलाल म्हणाला, "साहब कहते हैं, पिछले साल जैसा रोना-पीटना नहीं चाहिए. मेमसाहब का सर दो दिन दुखता रहा. इस साल तो वो आई ही नहीं."

"नहीं, हुजूर. बिलकुल नहीं," ईश्वरदास म्हणाला, आणि जिथं हसण्यासारखं काही नव्हतं तिथं हसला.

"शेर मिल गया तो तुम्हारा कागज पक्का. साहब खुद लिखेंगे."

ईश्वरदासानं कमरेत वाकून सलाम केला. कुत्रीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि जांभई दिली.

*

रोना-पीटना म्हणजे उदाराम. गेल्या चैत्रातल्या हाक्यात, म्हणजे डबे-ढोल बडवून वाघाला मचाणाकडं हाकलताना, साहेबाच्या गोळीनं वाघ नुसता जखमी झाला, उलटा फिरला आणि हाका घालणाऱ्यांच्या रांगेत शिरला. त्यानं उदारामाची मांडी फाडली. लोकांनी त्याला बाजेवर घालून तंबूपाशी आणलं, कारण औषधाची पेटी तिथं होती. पेटी उघडीच होती. कुत्रीच्या पायाला डुकराचा दात लागला होता, आणि मेमसाहेब तिला स्वच्छ पांढरी पट्टी बांधत होती. गावच्या कोतवालानं, दुधरामानं, हात जोडून तीच पट्टी मागितली. साहेबानं मान हलवली. पेटी गोऱ्या माणसांसाठी आहे, असं श्यामलालनं सांगितलं. कुत्री कोणत्या रंगाची आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण तसं कोणी म्हटलं नाही.

गाडी जुंपून येईपर्यंत उदाराम तंबूबाहेर ओरडत राहिला. चौथ्या दिवशी गेला.

यंदा हाक्याला माणसं मिळतील की नाही, याची म्हणून ईश्वरदासाला धास्ती होती. त्यातून पावसाळ्यापासून हवा बिघडलेली. सत्याग्रह म्हणून सरकारी जंगलात शिरून लोक गवत कापत आणि आपल्या पायानं तुरुंगात जात. गवत कापून राज्य जातं म्हणे! ईश्वरदासाला त्या लोकांचा राग येत नसे, कीव येत असे. मार खायचा आणि हात उचलायचा नाही, ही काय मर्दाची रीत झाली? मार खाऊन गप्प बसायला तर त्याच्या गावातलं कोणीही तयार होतं. त्याला खादीची टोपी कशाला हवी?

घरी आला तेव्हा त्याची बायको सावित्रीबाई पडवीत वड्या वाळत घालत होती. खुर्चीवर. ही खुर्ची त्यानं तीन वर्षांपूर्वी सागाची करून घेतली होती, हातांना नक्षी आणि पाठीला वेत. कागद आल्याशिवाय तिच्यावर बसायचं नाही असा त्याचा नेम होता, आणि मालक बसत नाही म्हटल्यावर दुसरं कोण बसणार? तीन वर्षं तिचा उपयोग कोणाला झाला असेल तर लाखोळीच्या वड्यांना.

"काढ ते," ईश्वरदास म्हणाला. "दोन दिवसांत बसायचं हाये मले."

"बसा ना मंग आताच. कोन नाही म्हणून राहिलं?" सावित्रीबाई म्हणाली, आणि परात उचलून आत गेली.

*

संध्याकाळी चावडीपुढं दुधरामानं लोक गोळा केले. ईश्वरदास ओट्यावर बसला. पुढच्या हंगामाला कोणाच्या बांध्या काढून घ्यायच्या, त्याची नावं त्यानं मनात तयार ठेवली होती. ती घेण्याची वेळच आली नाही.

"येऊ जी," दुधराम म्हणाला. "सारे येऊ."

"सारे?"

"एका घरातून एक. शिरस्ता हाये ना."

मागून एक बाई उठली. ती देवकाबाई होती, उदारामाची बायको. उंच, हाडापेरानं मोठी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. ही सवय ईश्वरदासाला कोणाचीच आवडत नसे आणि बाईची तर मुळीच नाही.

"माह्या घरातून मी येऊन राहिली, मालक."

"बाईमानूस? हाक्यात?"

"घरात दुसरं मानूस नाही. होतं, ते गेल्या साली तुमच्यासोबत आलं होतं." ती थांबली. "त्याचा वाजवायचा डबा घेऊन येते मी. जागा बी त्याचीच घेते, रांगेच्या मधात."

ईश्वरदासानं दुधरामाकडं पाहिलं. दुधराम जमिनीकडं बघत होता. नाही म्हणायला काही कारण सापडेना, आणि साहेबाला सांगितलेला आकडा तर पुरा होत होता. त्यानं मान डोलावली. किती पाय येणार एवढं त्यानं विचारलं. बाकी काही विचारायचं त्याला सुचलं नाही.

घरी जाताना त्याच्या मनात आलं, यांना कणाच नाही. वर्षही झालं नाही माणूस मरून. आपण नुसतं ओट्यावर बसलो, तर आले मान खाली घालून. त्याची बायकोसुद्धा आली. आदल्या रात्री ज्यांच्या भीतीनं त्याला झोप नव्हती, त्यांच्याबद्दल आता त्याला इतका तिटकारा वाटला की तो वाटेत थुंकला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघासाठी आमिष म्हणून बांधलेला हेला, म्हणजे रेडा, मारलेला सापडला. वाघ पोटभर खाऊन नाल्यातल्या जांभूळबनात पडून राहिला असणार, असं शिकाऱ्यानं सांगितलं. दहा वाजेपर्यंत सगळी मांडणी झाली. नाल्याच्या तोंडाशी मोठ्या अर्जुनाच्या झाडावर साहेबाचं मचाण होतं, त्यावर गादी, सुरई, आणि दुसरी बंदूक धरून श्यामलाल. पलीकडं अर्ध्या कोसावर दोनशे माणसांची रांग. दोन्ही बाजूंच्या झाडांवर चढवलेली माणसं. वाघ आडवा निघू लागला तर त्यांनी खोडावर काठी ठोकून त्याला परत वळवायचं. कुत्री खाली गाडीला बांधली होती.

ईश्वरदासासाठी शेजारच्या मोहावर एक बाज बांधली होती, साहेबाच्या मचाणापेक्षा पाच हात खाली. चढण्याआधी त्यानं जोडे काढून बुंध्याशी ठेवले. मग रेशमी अंगरख्यासकट वर चढताना त्याचा जो काही घाम निघाला, तो साहेब वरून बघत होता आणि त्याची करमणूक होत होती. ईश्वरदासालाही ते दिसलं. साहेब आपल्यामुळं खूष आहे, एवढाच अर्थ त्यानं घेतला.

रांगेच्या टोकाला जंगलखात्याच्या नाकेदारानं बंदुकीचा बार काढला. हाका सुरू झाला.

म्हणजे व्हायला हवा होता. बार झाला की दुसऱ्या क्षणी डबे, ढोल, काठ्या, शिव्या आणि आरोळ्या यांचा असा कल्लोळ उठतो की अर्ध्या कोसावरूनही झाडावरच्या माणसाच्या छातीत धडधडतं. ईश्वरदासानं तो बारा वेळा ऐकला होता. त्यानं कान टवकारले.

काही नाही. एक मोर ओरडला आणि तोही गप्प झाला.

"क्या है?" साहेबानं वरून दबक्या आवाजात विचारलं.

"अभी होगा, हुजूर."

झालं नाही. ऊन पानांतून खाली आलं होतं. अंगरखा पाठीला चिकटला. लांबून एक आवाज यायला लागला, पण तो हाक्याचा नव्हता. सागाच्या वाळल्या पानांचा होता. पुष्कळ पायांखाली पानं मोडत होती, हळूहळू, घाई नसल्यासारखी, आणि त्याच्यावर माणसाचा एक शब्द नव्हता.

ईश्वरदासाला प्रथम वाटलं, घाबरले असतील. मग त्याला आठवलं की घाबरलेला माणूसच मोठ्यानं ओरडतो. हाक्यातला आवाज वाघाला उठवायला असतो, तसाच तो ओरडणाऱ्यालाही असतो. हातात बंदूक नाही, भाला नाही. समोरच्या झुडपात काय आहे ते माहीत नाही. डबा बडवत राहायचं, म्हणजे ते जे काय आहे ते आधीच सरकून जातं आणि आपल्यालाही धीर राहतो. एवढंच त्यांचं हत्यार. आणि ही दोनशे माणसं ते खांद्यावर टाकून, तोंड मिटून, वाघ असलेल्या रानातून चालत येत होती. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं बाजेची दोरी घट्ट धरली.

आणि त्या शांततेत त्याला उदाराम ऐकू आला.

तंबूबाहेर तो ओरडत होता तेव्हा साहेबानं आतून आपला चौथा हुकूम वापरला होता: चुप. श्यामलालनं ईश्वरदासाकडं पाहिलं. ईश्वरदासानं दुधरामाकडं पाहिलं, पण दुधराम हलला नाही. मग ईश्वरदास स्वतः बाजेपाशी गेला. "चूप रे. साहेबाले तरास होऊन राहिला," असं म्हणत त्यानं आपल्या पागोट्याचा शेव उदारामाच्या तोंडावर दाबून धरला. गाडी येईपर्यंत. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, सावित्रीबाईलासुद्धा नाही. सांगायचं तरी कोणाला, सगळं गाव तर तिथं उभं होतं. पागोटं मात्र त्यानं तीन वेळा धुवायला लावलं, आणि शेवटी गड्याला देऊन टाकलं.

*

माणसं झाडांतून बाहेर आली. एक ओळ, वाकडीतिकडी पण तुटलेली नाही. ढोल गळ्यात, हात ढोलावर, पण बोटं स्थिर. मधोमध देवकाबाई होती, घासलेटचा एक पोचलेला डबा काखेत धरून. ती सगळी अर्जुनाच्या झाडापर्यंत आली, साहेबाच्या मचाणाखाली थांबली, आणि दुधराम खाली बसला तसे सगळे खाली बसले.

साहेबासमोर बसले.

"शेर किधर?" साहेब ओरडला. रानात तेवढाच एक आवाज होता. तो ऐकून गाडीला बांधलेली कुत्री भुंकायला लागली.

"गेला जी," दुधराम म्हणाला. "आमच्या मधातून गेला. देवकाबाईच्या बाजूनं, चार हातांवरून. त्यानं पाह्यलं, हिनं पाह्यलं. मंग तो तलावाकडं निंगून गेला. त्याले का घाई होती?"

"झाडावरच्यांनी काठी काऊन नाही ठोकली?" ईश्वरदास बाजेवरूनच किंचाळला.

"नाही ठोकली, मालक."

तो कसाबसा खाली उतरला. अंगरखा फांदीला अडकून काखेत उसवला. जोडे घालायचं भान राहिलं नाही. "हरामखोर हो! एकेकाच्या बांध्या काढून घेतो!"

"घ्या," दुधराम शांतपणे म्हणाला. "धानाचा रोवना साहेब करन."

रांगेत कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं. साहेबही शिडीवरून उतरला होता. त्याचं तोंड लालभडक झालं होतं. अठरा वर्षांत काळ्या माणसांनी त्याला असं कधी काही केलं नव्हतं. त्यांनी केलं तरी काय होतं? बोलावलं तिथं आले होते, सांगितलं तिथून चालले होते. शिक्षा कशाची करायची हे त्याला कळेना, म्हणून त्यानं हातातली छडी दुधरामाच्या पाठीवर ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. दुधरामानं गुडघे धरून ठेवले. पाठीवर रक्त आलं, पण त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. शेजारच्यानंही नाही, त्याच्या शेजारच्यानंही नाही. चौथ्या फटक्याला साहेबाचा हात वर गेला आणि तिथंच रेंगाळला. समोर दोनशे पाठी होत्या, आणि बंदुकीला नळ्या दोनच.

"पूछो, क्या चाहिए," असं काहीसं तो श्यामलालला म्हणाला असावा, कारण श्यामलालनं तेच विचारलं.

देवकाबाई उभी राहिली.

"गेल्या साली माह्या मानसानं लय आवाज केला. मेमसाहेबाचं डोस्कं दुखलं. साहेबानं सांगितलं, चुप. आमी चुप झालो." ती साहेबाकडं बघत बोलत होती, श्यामलालसाठी ती थांबली नाही. "पट्टी कुत्रीले भेटली, आमच्या मानसाले नाही भेटली. ज्या दिवशी ते पेटी आमच्यासाठी उघडन, त्या दिवशी आमी ओरडू. तवर हाक्याले बोलवा, हजार वेळा येऊ. पाय तुमचे. गळा आमचा."

श्यामलालनं घसा खाकरला आणि त्याचं इंग्रजी केलं. किती केलं कोण जाणे. दोन वाक्यांत संपलं. साहेब हसला. ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण त्याच्याबरोबर हसणारा माणूस त्या दिवशी उसवलेल्या अंगरख्यानिशी नुसता उभा होता.

तेव्हा साहेबाचं लक्ष ईश्वरदासाकडं गेलं.

"तुम," तो म्हणाला. छडीचं टोक त्यानं ईश्वरदासाच्या छातीला लावलं. "तुम सब. काला सूअर."

ईश्वरदासानं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. बारा वर्षं हा शब्द त्यानं दुसऱ्यांसाठी वापरलेला ऐकला होता, कधी त्याचं भाषांतरही करून सांगितलं होतं. तो आपल्या अंगाला लागेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि आता तो छडीच्या टोकाशी, तिसऱ्या गुंडीवर, लागलेला होता.

साहेब भराभर बोलला. श्यामलाल खालच्या आवाजात म्हणाला, "सेठजी, साहब कहते हैं, शेर तालाब तक नहीं पहुँचा होगा. दुबारा हाँका होगा. आप आगे चलिए, आप चिल्लाइए. आप चिल्लाएँगे तो ये भी चिल्लाएँगे. अभी भी... कागज का देख लेंगे."

कागद. मुन्नालालच्या बैठकीतली काच त्याच्या डोळ्यांपुढं आली, सागाची खुर्ची आली, तिच्यावरच्या वड्या आल्या. एक आरोळी ठोकायची. तीही माणसांवर नाही, वाघावर. त्यानं ओठ ओले केले.

"वाजवायले काही लागन ना, मालक," देवकाबाई म्हणाली. तिनं काखेतला डबा त्याच्यापुढं धरला, आत काठी होती. "घ्या. साहेब सांगून राहिला."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. दारात आलेल्या भिकाऱ्याला बायका ज्या आवाजात थांब म्हणतात, तो आवाज होता.

ईश्वरदासानं डबा घेतला. एका बाजूनं तो पार आत गेलेला होता, वीस वर्षं एकाच जागी काठी बसून. पत्रा उन्हानं तापला होता. त्यानं काठी उचलली. दोनशे माणसं त्याच्याकडं बघत होती. नको म्हणत नव्हती, वाजव म्हणत नव्हती. नुसती बघत होती, आणि त्यांच्यात एकही असा नव्हता ज्यानं गेल्या चैत्रात त्याचा हात कुठं होता ते पाहिलं नव्हतं.

"चिल्लाओ!" साहेब म्हणाला. त्याच्या हिंदीत तो एक हुकूम वाढला होता.

ईश्वरदासानं तोंड उघडलं. घशापर्यंत काहीतरी आलं आणि तिथं अडलं, एखाद्यानं कापड दाबून धरावं तसं. त्यानं तोंड मिटलं. काठी परत डब्यात ठेवली, आवाज होऊ नये म्हणून हळूच. मग एक हात जमिनीला टेकवून तो अवघडत खाली बसला, साहेबाच्या बुटांपासून दोन पावलांवर.

"चिल्लाओ! चिल्लाओ!"

कुत्री गाडीपाशी भुंकतच होती.

"मालक," दुधराम पाठीवरची माशी न उडवता म्हणाला, "धोतर मळन."

ईश्वरदासानं डबा मांडीवर घेतला. शेजारी देवकाबाई खाली बसली आणि तिनं आपलं लुगडं आवरून घेतलं. जागा करून द्यायला की अंग लागू नये म्हणून, ते त्याला कळलं नाही. विचारायची छाती नव्हती. तो तसाच बसून राहिला.